डग्गा घेऊन स्पीकर आणायला

अण्णांचे जुने स्पीकर पुसायला घेतले आणि कोनाच्या, म्हणजे आतल्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेचा फोम काळ्या भुशासारखा बोटाला चिकटला. जरा जास्त दाबलं तर बोट आरपार. "फुफ्फुस गेलंय त्याचं," अण्णा खुर्चीतूनच म्हणाले. त्यांना ते वर्षभर आधीच कळलं होतं. मला बोलले नव्हते, कारण बोलले असते तर मी लगेच नवे बघायला लागले असते, आणि दुकानातल्या स्पीकरांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७९. दिवसा परळच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी आणि संध्याकाळी तबला, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेली. स्पीकरांची ही जोडी त्यांनी ऐंशीच्या दशकात घेतलेली. मुंबईच्या दमट हवेत फोमची कड काही वर्षांनी भुसभुशीत होतेच. रबराची त्यामानाने खूप टिकते. कड बदलून मिळते, तशी चौकशीही केली. पण एका बाजूची, कोन हलवणारी तारेची कॉइलसुद्धा घासत होती. कोन बोटांनी हळूच आत दाबला की खर्र असा आवाज यायचा. मग विषय मिटला.

ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: तुमच्या हॉलला उंच टॉवर कशाला, छोटे बुकशेल्फ पुरे. हॉल १७ बाय १०, उंची साडेनऊ फूट. हिशेबाने सल्ला बरोबरच होता. पण बुकशेल्फ स्पीकर पुस्तकांच्या फळीवर ठेवले तर आवाज कोंडतो, आणि स्टँडवर ठेवले तर टॉवरएवढीच जमीन अडवतात. वर आमच्या घरात येणाऱ्याजाणाऱ्या पोरांची संख्या पाहता स्टँड केव्हा आडवा होईल याचा नेम नाही. टॉवर म्हणजे स्वतःचा स्टँड पोटाखाली घेऊन आलेला स्पीकर. शिवाय, खरं सांगायचं तर, मला ते हवेच होते. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी पाहिले होते, तेव्हापासून.

जोडीला ८० हजारांच्या आत, अ‍ॅम्प्लिफायर घरातलाच, दर चॅनेलला ५० वॅटचा. "५० वॅटमध्ये काय होणार मॅडम," असं पहिल्या दुकानात ऐकवलं गेलं. होतं, बरंच होतं. मी बघत होते त्या बहुतेक स्पीकरांची संवेदनशीलता ८७-८८ डेसिबल होती, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर तेवढा आवाज. दर ३ डेसिबलना वॅट दुप्पट लागतात हे खरं, पण ख्याल ऐकताना आमच्या हॉलात बहुतेक वेळ १ वॅटसुद्धा खर्च होत नाही. खालच्या काकू वर येतील तेव्हा पाचेक वॅट झाले असतील.

त्याच दुकानात पाऊण तास मला स्फोट, हेलिकॉप्टर आणि काच फुटल्याचे आवाज ऐकवले. सोफा हादरला की विक्रेता माझ्याकडे अभिमानाने बघायचा. एक गोष्ट मात्र तिथेच लक्षात आली. दोन जोड्या आलटून पालटून लावताना महागड्या जोडीच्या वेळी त्याचा हात नकळत, किंवा कळून, व्हॉल्यूमवर जायचा. किंचित मोठं वाजणारं नेहमीच चांगलं वाटतं, १ डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. आणि तो फरक 'मोठं' म्हणून कळत नाही, 'खुललेलं' म्हणून कळतो. पुढच्या दुकानात मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडूनच बसले. फोनचं मोजमाप तितकं बिनचूक नसतं, पण दोन्ही जोड्या एका पातळीवर आणण्यापुरतं चालतं. पातळी सारखी केल्यावर माझ्या यादीतला पहिला नंबर तिसऱ्यावर घसरला.

घरी येऊन हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, "अगं, पण तू ताडून कशाशी बघतेस? एका स्पीकरशी दुसरा स्पीकर? ही तर चोराला चोराची साक्ष." आणि शनिवारी सकाळी ते पिशवी भरून तयार. पिशवीत डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, आणि तो ठेवायची चुंबळ.

मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. दादरच्या पुलावर गर्दीत मी पिशवी मागितली तर दिली नाही. "खरेदीला जाताना कुणी डग्गा नेतं का," असं मी म्हणून पाहिलं. "कापड घेताना ब्लाउज नेतेसच की मॅचिंगला," म्हणाले.

आधीच्या रविवारी माझ्या मुलीने तिच्या कॉलेजातल्या रेकॉर्डरवर अण्णांचं पाच मिनिटांचं वादन टिपलं होतं, हाच डग्गा, आमच्याच घरात, पंखा बंद करून. ती फाइल मी सोबत घेतली होती. कल्पना अण्णांची, पण तशी नवी नाही. वार्फडेल ही स्पीकरांची कंपनी काढणाऱ्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये असेच जाहीर प्रयोग केले होते: मंचावर वादक, शेजारी स्पीकर, आणि एकदा हे वाजणार, एकदा ते. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त "मग?" असं केलं.

दुकानातल्या मुलाचं कौतुक करायला हवं. वयाने पंचविशीतला, पण "काका, हे काय काढताय?" एवढंच विचारून त्याने काउंटरवरचे रिमोट बाजूला केले. अण्णांनी चुंबळ ठेवली, तिच्यावर डग्गा बसवला, मनगट शाईच्या, म्हणजे काळ्या ठिपक्याच्या, मागे टेकवलं आणि 'गे' हा एक बोल काढला. नुसता एक. मनगट पुढे सरकवत तो घुमारा वर नेला आणि सोडला. मग माझ्याकडे पाहून मान हलवली, की लाव.

पहिली जोडी आठ इंची वूफरची, म्हणजे बास काढणाऱ्या कोनाची. फाइल लावली आणि डग्ग्याचा ढोल झाला. घुमारा चढताना जी रेघ ऐकू यायला हवी ती नाहीच, एक गोळा नुसता गरगरतोय. "गणपतीला बरे आहेत," अण्णा म्हणाले. दुसऱ्या जोडीत डग्गा बराचसा माणसात आला, पण मी माझ्या फोनमधला तानपुरा लावला तेव्हा जवारी, म्हणजे तारांची झणझण, अशी काही चमकली, जशी स्टीलची ताटली तारेच्या घासणीने घासतंय कुणी. दहा मिनिटं छान वाटलं असतं. तासाभराने डोकं धरलं असतं. तिसरी जोडी दिसायला अंगाने बारीक, पाच इंची दोन-दोन वूफर, उंची सव्वातीन फूट. तिने काहीच दाखवलं नाही. अण्णांनी पुन्हा एक 'गे' वाजवला, मग फाइलमधला, मग पुन्हा हाताने. दुकानातला मुलगा हात बांधून ऐकत होता. "काका, तुमचा जास्त चांगला आहे," तो म्हणाला. अण्णा खूश. "अर्थात. पण हा माझाच आहे हे तरी कळतंय," म्हणाले.

ती घेतली. कड रबराची आहे हे बोट लावून बघितलं. हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे हेही बघितलं, कारण मागच्या भोकाचा स्पीकर भिंतीला टेकवला की बास फुगतो आणि आमच्याकडे भिंतीपासून किती अंतर मिळणार हे देवालाच ठाऊक होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की लोक तेवढंच वाचतात.

घरपोच आले, एकेक खोकं वीस किलोच्या वर, लिफ्टमध्ये तिरकी करून घालावी लागली. सोबत आलेल्या माणसाने 'इन्स्टॉलेशन' केलं, म्हणजे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटवून उभे केले, फोटो काढला आणि सही घेतली. नवरा म्हणाला, "छान दिसताहेत की." दिसत होतेच.

वायर मी आदल्या दिवशी ऑफिसातून निघून लोहार चाळीतून आणली होती, २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची. मीटरमागे हजारो रुपयांच्या वायरी मिळतात. पाच-सहा मीटरसाठी माझ्या कानांना तरी त्यांची गरज नाही. वायर जोडली, गाणं लावलं. आणि काहीतरी भलतंच. बास गायब, आणि गवई कुठे बसलाय तेच कळेना. आवाज दोन्ही कानांना बाहेरून वेढतोय, समोर कुणीच नाही. मी खुर्ची पुढे-मागे करून पाहिली. अण्णा डोळे मिटून बसले होते. "एक उलटा लागलाय," म्हणाले.

मग त्यांनी मला घड्याळातला पेन्सिल सेल काढायला लावला. वायरची टोकं अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडवली, लाल रेघेची तार सेलच्या टोपीला आणि दुसरी बुडाला क्षणभर टेकवली. डाव्या स्पीकरातून टक् असा आवाज आला आणि जाळी काढून ठेवलेला कोन पुढे आला, केसभर, पण टॉर्च तिरका धरला की स्पष्ट दिसावा इतका. उजवीकडे तेच केलं तर कोन आत गेला. उजव्याच्या पाठीमागे भिंतीच्या सांदीत हात घालून मी लाल-काळं उलटं जोडलं होतं. दीड व्होल्टने स्पीकरला काही होत नाही, फक्त टेकवून लगेच काढायचं. तारा सुलट केल्या आणि गवई टीव्हीच्या बरोब्बर पुढे येऊन बसला. अण्णांनी सेल परत घड्याळात घालायला लावला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दोन-तीन दिवसांत एक गंमत जाणवायला लागली. पुरुष गायकाचं रेकॉर्डिंग लावलं की ठीक. बाईंचं लावलं की तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, असा घुमायचा, जसा रिकाम्या हंड्यात भुंगा. आधी वाटलं ध्वनिमुद्रणच तसं. मग दुसऱ्या बाई, तिसऱ्या बाई. सगळ्यांचा खर्ज हंड्यात.

रविवारी दुपारी कागद घेऊन बसले. मुंबईच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराची दुप्पट करून त्या दुपटीने ३४८ ला भागलं, की त्या दोन भिंती स्वतःहून कोणता सूर धरतात तो मिळतो. आमची रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर: ५७ हर्ट्झ. उंची साडेनऊ फूट: ६०. दोन आकडे इतके जवळ आले की खोली त्या जागी दोन तोंडांनी ओरडणार. भिंती दुपटीचा सूरही धरतात, म्हणजे ११४ आणि १२०. आता काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या बाईंचा खर्ज षड्ज कुठे? साधारण ११६.५ वर. नेमका दोघांच्या मध्ये सापडलेला. काळी एकच्या पुरुषाचा खर्ज ६९ च्या आसपास, म्हणून तो या सापळ्यातून निसटत होता. भुंगा तानपुऱ्यात नव्हता, स्पीकरातही नव्हता. तो आमच्या बिल्डरने बांधून दिला होता.

फोनवर नुसता सूर काढणारं अ‍ॅप असतं, ते अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ३० हर्ट्झपासून हळूहळू वर नेलं. ५७ ला शोकेसची काच थरथरली आणि आतली चिनीमातीची गाय चालायला लागली. ११५ वर सूर धरून मी हॉलभर फिरले. सोफ्यावर, म्हणजे भिंतीला पाठ लावून, कान भरून जातील इतका आवाज. तिथून अडीच फूट पुढे आले तर कुणी बटण बंद केल्यासारखा विरला. आणखी अडीच फूट पुढे, हॉलच्या मधोमध, परत हजर. मुलगी दारात उभी राहून बघत होती. "आई, तू जंतर मंतर करतेयस," म्हणाली.

आम्ही नेमकी चूक ती केली होती. स्पीकर एका लांब भिंतीला टेकलेले, ऐकणारे समोरच्या लांब भिंतीला टेकलेले. म्हणजे तो दहा फुटांचा सूर दोन्ही टोकांना पूर्ण जोरात. अर्ध्या मुंबईच्या हॉलात हीच मांडणी असते: टीव्ही या भिंतीला, सोफा त्या भिंतीला, मध्ये टीपॉय.

उपाय कागदावर सोपा होता. स्पीकर आखूड भिंतीकडे, खिडकीशी न्यायचे आणि आवाज लांबीच्या दिशेने सोडायचा. प्रत्येक स्पीकर बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर, कारण रुंदीच्या चौथ्या हिश्शावर ११४ चा सूर मरतो. तिथे उभा असलेला स्पीकर त्याला हात घालूच शकत नाही. दोघांमध्ये अंतर राहतं पाचच फूट. पुस्तकी नियमाने ते कमी आहे, आवाजाचा पट अरुंद होतो, हे मान्य. पण ख्यालात माणसं असतात चार. पाच फुटांत बसतात.

घरात मात्र हे सोपं नव्हतं. टीव्ही एका भिंतीला आणि स्पीकर दुसऱ्या, म्हणजे सिनेमा या स्पीकरांवर नाही. नवरा दोन दिवस गप्प होता. सोफा दाराच्या बाजूला सरकवला. खिडकीशी कपड्यांचा स्टँड असायचा, तो पावसाळ्यात कुठे जाणार यावर जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही. अखेर असं ठरलं की एरवी स्पीकर खिडकीच्या भिंतीला टेकून राहतील, आणि गाणं ऐकायचं असेल तेव्हा पावणेतीन फूट पुढे ओढायचे. समोर सात फुटांवर अण्णांची वेताची खुर्ची.

ओढायचे म्हटल्यावर खालच्या टोकदार खिळ्यांचा प्रश्न आला. ते खिळे, स्पाइक, स्पीकरसोबतच येतात. पहिल्याच दिवशी टाइलवर दोन इंचांचा चरा पडला होता. मग खिळ्यांखाली एकेक रुपयाची आठ नाणी ठेवली, ती सरकायची. शेवटी खिळे काढून डब्यात ठेवले आणि फेल्टच्या चकत्या चिकटवल्या. जाणकार नाक मुरडतील. मी खिळ्यांवर आणि चकत्यांवर डोळे मिटून ऐकलं, मला फरक कळला नाही. चऱ्याचा फरक रोज दिसतो.

खर्ज हंड्यातून बाहेर आला. पूर्ण नाही, उंचीचा १२० वाला थोडा अजून गुणगुणतो, छत काही सरकवता येत नाही. पण तानपुऱ्याच्या चार तारा चार म्हणून ऐकू आल्या तेव्हा मी तेच रेकॉर्डिंग तीनदा लावलं.

मग टाळ्या. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली की लांब भिंतींमधून टर्र असा तिखट पडसाद यायचा. आरशाची युक्ती केली: मी खुर्चीत, मुलगी छोटा आरसा भिंतीला धरून सरकवत जाते, आणि ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उडी मारून कानात येतो. एका बाजूला ती जागा पुस्तकांच्या कपाटावर पडली, छानच. दुसरीकडे कोरी भिंत. तिथे सासूबाईंच्या हातची गोधडी टांगली, जमिनीवर सतरंजी अंथरली. गोधडीने बासला काही होत नाही, तेवढी जाड ती नसते. पण वरचे कर्कश पडसाद ती गिळते. अण्णा त्या गोधडीकडे बराच वेळ बघत होते. "तिला गाणं कधी आवडलं नाही," एवढंच म्हणाले.

खालच्या काकूंचं सांगायचं राहिलं. एकदा रात्री सव्वादहाला बेल वाजली. त्या भांडायला नव्हत्या आल्या, पण म्हणाल्या, "गाणं नाही गं ऐकू येत, नुसतं धम धम येतं." बास स्लॅबमधून उतरतो, सूर वरच राहतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला फक्त तबला, तोही अर्धा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. ४५ मध्ये विलंबित ख्याल ऐकून बघा, पंखा जिंकतो. आता आमची मैफल सकाळी सात ते साडेआठ, रविवारी. मागून जाणारी लोकल आहेच, पण तिची सवय आहे.

शेवटचा वाद वळवण्याचा. स्पीकर सरळ समोर ठेवायचे की ऐकणाऱ्याकडे आत वळवायचे? वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या नाकासमोर सर्वांत स्वच्छ असतो, बाजूला गेलं की कमी होतो. अण्णांना वयोमानाने वरचं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना दोन्ही स्पीकर थेट स्वतःच्या तोंडाकडे हवेत. मला तसं ठेवलं की जवारी टोचते. माझ्या मते दोन्हींच्या रेषा खुर्चीच्या फूटभर मागे मिळाव्यात. दोघेही हटेनात. मग मी टाइलवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, पांढऱ्या अण्णांच्या, पिवळ्या माझ्या. फरक जेमतेम बोटभर.

या खुणा सर्वांत आधी पाठ झाल्या त्या आमच्या मावशींना. फरशी पुसायला त्यांना रोज स्पीकर हलवावे लागतात. आधी कुरकुरल्या, आता पुसून झालं की स्वतःच विचारतात. परवा रविवारी सकाळी पोछा बादलीत टाकून उभ्या राहिल्या.

"ताई, खांब कुठं लावू? अण्णांच्या पट्टीवर का तुमच्या?"

"भिंतीलाच लावा," मी म्हटलं. "आज मॅच आहे."